पॅनेलच्या दारावरची बत्ती खरं बोलते का? इंडिकेशन लॅम्प, टॉवर लाइट आणि हूटर बसवायची सविस्तर पद्धत

"भाऊ, बत्ती तं हिरवीच होती ना!"

नागपुरात कळमन्याकडच्या एका डाळ मिलमध्ये ऑपरेटरने मला हे ऐकवलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. बकेट एलिव्हेटरचा पट्टा जागच्या जागी घसरत होता, खाली बूटमध्ये, म्हणजे एलिव्हेटरच्या तळाच्या पेटीत, तूर गच्च बसली होती, जळक्या रबराचा वास शेडभर झाला होता आणि पॅनेलच्या दारावर 'एलिव्हेटर चालू'ची हिरवी बत्ती निवांत लागलेली. पॅनेल माझंच होतं. बत्ती मी कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटरचा सप्लाय जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेवरच्या स्विचच्या, कॉइलला समांतर जोडली होती, कारण त्यात एक कॉन्टॅक्ट आणि दोन वायर वाचत होत्या. कॉइलला सप्लाय होता म्हणून बत्ती लागली होती. खाली बादल्या वर जातायत की नाही, हे तिला कळायची सोयच मी ठेवली नव्हती.

त्या दिवसापासून माझा एक हट्ट आहे. बत्ती हुकमाला जोडायची नाही, घडलेल्या गोष्टीला जोडायची. बटन दाबलं हा हुकूम झाला, शाफ्ट फिरला ही घडलेली गोष्ट झाली. हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीत दुरुस्तीसाठी उघडलेल्या कितीतरी पॅनेलांत मला हीच गल्लत सापडली. पॅनेल बनवणारी पोरं, कारखान्याचे वायरमन आणि मेंटेनन्सवाले यांना हाताशी धरता येईल अशी पद्धत खाली लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो. काम सुरू करण्यापूर्वी मेन आयसोलेटर बंद करा, त्याला स्वतःचं कुलूप लावा, चावी खिशात ठेवा आणि तिन्ही फेज मीटरने मोजून बघा. निऑन टेस्टरवर विसंबू नका. दुसऱ्या पॅनेलमधून आलेला २३० व्होल्टचा इंटरलॉक, म्हणजे एक मशीन दुसऱ्याशी बांधणारा सिग्नल, मेन बंद करूनही जिवंत असतो, आणि तो नेमका इंडिकेशनच्या टर्मिनलवर येऊन बसलेला असतो.

आधी कागद, मग ड्रिल

दाराला भोकं पाडण्याआधी एका कागदावर चार रकाने आखा. काय घडलं, ते कोणाला कळायला हवं, तो माणूस त्या वेळी कुठे उभा असतो, आणि कळल्यावर त्याने काय करायचं. प्रत्येक बत्तीसाठी एक ओळ. चौथा रकाना रिकामा राहिला तर ती बत्ती काढून टाका. 'कंट्रोल सप्लाय चालू', 'पीएलसी चालू', 'पंखा चालू' असं लिहीत गेलं की दारावर गणपतीच्या मांडवासारखी रोषणाई होते आणि कामाची एक लाल बत्ती त्यात हरवते.

तिसरा रकाना सामान ठरवतो. माणूस पॅनेलसमोरच उभा असेल तर दारावरची बत्ती पुरते. तो पंधरा-वीस मीटरवर पोती शिवत असेल तर टॉवर लाइट, म्हणजे एकावर एक रंगीत बत्त्यांचा खांब, हवा. त्याची पाठ असेल किंवा तो वरच्या मजल्यावर असेल तर हूटरशिवाय, म्हणजे भोंग्याशिवाय, इलाज नाही. फॉल्ट दहा-बाराच्या वर गेले तर सुट्या बत्त्यांचा नाद सोडा आणि प्रत्येक फॉल्टला एक उजळणारी खिडकी असलेला अलार्म अ‍ॅनन्सिएटर घ्या. त्यात अ‍ॅक्सेप्ट, रीसेट आणि टेस्ट ही बटनं तयार मिळतात, शिवाय 'पहिला फॉल्ट कोणता' हे वेगळं दाखवणारा प्रकारही मिळतो. एक कन्व्हेयर बंद पडला की मागचे चार ओळीने ट्रिप होतात. अशा वेळी पहिला कोण पडला हे कळलं तर अर्धा तास वाचतो.

रंगांचा घोळ

आपल्याकडे रंगांच्या दोन पद्धती शेजारी शेजारी नांदतात आणि एकमेकींच्या बरोबर उलट बोलतात.

पहिली वीज मंडळाकडची, सबस्टेशन आणि पॉवर हाउसची. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांत काम केलेला कुठलाही जुना इलेक्ट्रिशियन सांगेल, लाल म्हणजे ब्रेकर ऑन, हिरवा म्हणजे ऑफ, पिवळट अंबर म्हणजे ट्रिप. पांढरा सांगतो की ट्रिप सर्किट, म्हणजे ब्रेकर पाडणारी वाट, शाबूत आहे, आणि निळा सांगतो की ब्रेकर ऑन करणारी स्प्रिंग चार्ज झाली. त्यामागचा विचार सरळ आहे. लाल दिसला तर लाइन जिवंत आहे, हात लावू नको.

दुसरी मशीनची पद्धत. आयईसी ६०२०४-१ हे मशीनच्या विद्युत सुरक्षेचं मानक सांगतं की लाल म्हणजे धोक्याची, तातडीची स्थिती, पिवळा म्हणजे काहीतरी बिघडू लागलंय, हिरवा म्हणजे सगळं ठीक. निळा म्हणजे ऑपरेटरने काही करणं गरजेचं आहे, आणि पांढऱ्याला ठरावीक अर्थ नाही, नुसती माहिती. इथे मोटर चालू म्हणजे हिरवी.

आता पॉवर हाउसमधून आलेला फिटर पॅकिंग मशीनवर उभा करा. त्याला लाल दिसतो आणि तो समजतो, मशीन चालू आहे. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. फॉल्ट काय म्हणून विचारलं तर शेजारचा शांतपणे म्हणाला, "लाल तं रोजच राह्यते भाऊ."

माझा तोडगा असा. इनकमर, म्हणजे मुख्य सप्लाय आत घेणाऱ्या, आणि ब्रेकरच्या पॅनेलवर मंडळाची पद्धत, मशीनच्या पॅनेलवर मशीनची. एकाच दारावर दोन्ही कधीच नाहीत. प्रत्येक बत्तीखाली नेमपट्टी, तीही 'फॉल्ट ७' अशी नको, 'एलिव्हेटर बूट जाम' अशी वाचता येणारी. दाराच्या आतल्या बाजूला रंगांचा तक्ता चिकटवा. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोक आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त असतात, म्हणून जागाही कायम ठेवा. 'चालू' नेहमी डावीकडे, 'ट्रिप' नेहमी उजवीकडे. आर, वाय, बी या तीन फेज बत्त्या या सगळ्याच्या बाहेर. त्यांचे रंग फेजची नावं आहेत, स्थिती नाही.

बटनांचं थोडक्यात. त्याच मानकात स्टार्टसाठी पांढऱ्याला पहिली पसंती आहे, हिरवा चालतो, लाल चालत नाही. स्टॉपसाठी काळ्याला पसंती, लाल चालतो, हिरवा नाही. आपल्याकडे हिरवा-लाल रूढ आहे आणि तो नियमात बसतो. इमर्जन्सी स्टॉपला मात्र लाल मशरूम, म्हणजे छत्रीसारखं मोठं बटन, आणि मागे पिवळी पाटी, दुसरं काही नाही.

लुकलुकण्यालाही अर्थ द्या. नवा फॉल्ट लुकलुकतो, अ‍ॅक्सेप्ट केला की स्थिर होतो, दुरुस्त झाला की विझतो. सेकंदाला दोन वेळा हा वेग डोळ्याला बरोबर टोचतो.

सामान घेताना

सीताबर्डीच्या 'मोदी नंबर' नावाच्या गल्ल्यांत दुकानदाराला चिठ्ठी देताना 'बावीसची बत्ती' एवढंच म्हणू नका. भोक २२.५ मिलिमीटरचं, एवढं तर दुकानदाराला माहीतच असतं. जुन्या पॅनेलांत ३०.५ चं भोक सापडतं, म्हणून आधी मोजा. व्होल्टेज नीट सांगा. २४ एसी/डीसी, ११० आणि २३० हे तिन्ही बाहेरून अगदी सारखे दिसतात, फरक फक्त मागच्या छोट्या छापात असतो. २४ ची बत्ती २३० ला लावली तर आवाज होतो आणि संपतं. २३० ची बत्ती २४ ला लावली तर ती लागतच नाही, आणि तुम्ही अर्धा दिवस वायरिंग तपासत बसता. दुसरी चूक जास्त महाग पडते.

पिन-बॅयोनेटचा फिलामेंटचा बल्ब अजून मिळतो. जुन्या पॅनेलसाठी दोन-चार ठेवा, नव्या कामात एकसंध एलईडी घ्या. काच घुमटासारखी बाहेर आलेली असेल तर बत्ती बाजूनेही दिसते, सपाट असेल तर फक्त समोरून.

टॉवर लाइटमध्ये वरून खाली लाल, पिवळा, निळा, हिरवा, पांढरा असा क्रम मानकात दिला आहे. तीन मजली घेतला तर लाल, पिवळा, हिरवा. घेताना एक गोष्ट विचाराच, कॉमन प्लसचा आहे की मायनसचा. पीएलसीचं, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं, आउटपुट पीएनपी असेल, म्हणजे ते २४ व्होल्ट बाहेर देतं, तर टॉवरचा कॉमन मायनस हवा. उलटा आणला तर मधे रिले घालावे लागतात आणि पॅनेलमध्ये जागा नसते.

हूटरच्या खोक्यावरचा डेसिबलचा आकडा बहुधा एक मीटरवरचा असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे १०० डेसिबलचा हूटर २ मीटरवर ९४, ४ मीटरवर ८८, ८ मीटरवर ८२. धोक्याचा आवाज भोवतालच्या गोंगाटापेक्षा निदान १५ डेसिबलने वरचढ असावा, असा आयएसओ ७७३१ चा दंडक आहे. शेडमध्ये ८० चा गोंगाट असेल तर कानाशी ९५ हवेत, आणि १०० चा हूटर दोन मीटरवरच कमी पडला. ११० चा घेतला तर ४ मीटरवर ९८, ८ मीटरवर ९२. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा जास्त पोचतो, पण त्यावर हिशेब बेतू नका. एक मोठा भोंगा पॅनेलवर टांगून जवळच्याचे कान फोडण्यापेक्षा दोन मध्यम हूटर माणसांजवळ लावलेले बरे.

२४ व्होल्टचा हिशेब

मला शक्य तिथे इंडिकेशन २४ व्होल्ट डीसीवर ठेवायला आवडतं. दार उघडं ठेवून काम करणाऱ्याचा हात कुठेही लागतो. हिशेब कागदावर करा. दारावरच्या १२ बत्त्या, प्रत्येकी २० मिलिअँपिअर, झाले २४०. टॉवर लाइट बझरसकट ३०० धरा. १० रिले, प्रत्येकी ४०, झाले ४००. हूटर ५००. बेरीज १,४४० मिलिअँपिअर, म्हणजे दीड अँपिअरच्या आसपास. एसएमपीएस, म्हणजे २४ व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय, अडीच अँपिअरचा घ्या. बहुतेक एसएमपीएस ५० अंशांच्या वर पूर्ण करंट देत नाहीत आणि नागपुरात मे महिन्यात बंद पॅनेलच्या आत ५० अंश ही काही अचंब्याची गोष्ट नाही.

लांबचा हूटर असेल तर वायरमध्ये किती व्होल्ट पडतात तेही बघा. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या लवचिक वायरचा रोध किलोमीटरला साधारण २० ओहम. हूटर १०० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन २०० मीटर, म्हणजे ४ ओहम. अर्ध्या अँपिअरला २ व्होल्ट पडले, २२ पोचले, चालेल. तीच वायर अर्ध्या चौरस मिलिमीटरची असेल तर ४ व्होल्ट पडतात आणि हूटर घसा बसल्यासारखा वाजतो.

बत्तीचा सप्लाय कुठून घ्यायचा

सगळ्या कामाचा जीव इथे आहे, म्हणून जरा रेंगाळतो. 'मोटर चालू' या एका बत्तीचा सप्लाय चार ठिकाणांहून घेता येतो आणि प्रत्येक ठिकाणी ती वेगळं वाक्य बोलते.

कॉइलच्या ए१-ए२ ला समांतर जोडली तर ती म्हणते, 'कॉन्टॅक्टरला हुकूम गेला.' कॉइल जळलेली असो, कॉन्टॅक्टर अडकलेला असो, ही लागणारच. कॉन्टॅक्टरच्या १३-१४ या ऑक्झिलरी, म्हणजे त्याच्याबरोबर हलणाऱ्या छोट्या, कॉन्टॅक्टमधून घेतली तर म्हणते, 'कॉन्टॅक्टर ओढला गेला.' छोट्या पंपाला, पंख्याला एवढं पुरतं, आणि यापेक्षा खाली कधीच उतरू नका. करंट रिलेतून घेतली तर म्हणते, 'मोटर करंट घेतेय.' केबल तुटली, मोटरच्या टर्मिनल बॉक्समधला लग निसटला, तर ती विझते. आणि यंत्राच्या शाफ्टवरून घेतली तरच ती म्हणते, 'फिरतंय.'

एलिव्हेटर, स्क्रू कन्व्हेयर, पट्टा यांना शेवटचाच प्रकार द्या. खर्च फार नसतो. खालच्या, म्हणजे मोटर नसलेल्या टोकाच्या शाफ्टवर पत्र्याची एक चकती किंवा दोन बोल्ट बसवा, समोर ५ मिलिमीटरवर प्रॉक्सिमिटी सेन्सर, म्हणजे धातू जवळ आला की सिग्नल देणारा सेन्सर, ठेवा आणि त्याचे पल्स झीरो स्पीड रिलेला द्या. पल्स मंदावले की रिले पडतो, बत्ती विझते, कॉन्टॅक्टर सुटतो. सुरू होताना शाफ्टला वेग घ्यायला वेळ लागतो, म्हणून ५ ते १० सेकंदांचा बायपास टायमर लागतोच. सेन्सर मोटरच्या बाजूला लावू नका. पट्टा तुटला तरी मोटरकडची पुली मजेत फिरत राहते.

ट्रिपची बत्ती ओव्हरलोड रिलेच्या ९७-९८ मधून घ्या. ९५-९६ कॉइलच्या वाटेत असतो, तो उघडतो तेव्हा ९७-९८ मिटतो, म्हणजे जोडला जातो. काही पोरं 'चालू नाही म्हणजे ट्रिप' असं गृहीत धरून कॉन्टॅक्टरच्या एनसी, म्हणजे एरवी जोडलेल्या, कॉन्टॅक्टवर लाल बत्ती लावतात. मग जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद केलं तरी लाल लागते, आणि 'लाल तं रोजच राह्यते' हे वाक्य जन्माला येतं.

धोक्याचे सिग्नल उलटे विचारा. तेलाचा दाब, पाण्याची पातळी, गार्डचं दार, सगळं ठीक असताना कॉन्टॅक्ट मिटलेला असावा आणि बिघडलं की उघडावा. उंदराने वायर कुरतडली तरी अलार्म वाजतो. उघड्या कॉन्टॅक्टवर अलार्म जोडला तर तुटलेली वायर आणि ठणठणीत मशीन यांत पॅनेलला फरक कळत नाही.

फेज बत्त्यांबद्दल गैरसमज जबरदस्त आहे. तीनही बत्त्या लागल्या म्हणजे तीनही फेज आल्या, असं नसतं. मोटर चालू असताना एक फेज गेली तर मोटर उरलेल्या दोनांवर घुमत राहते आणि गेलेल्या फेजच्या तारेवर स्वतःच व्होल्टेज तयार करते. बत्ती त्यावर लागते, क्वचित जरा मंद. बत्ती बघून निर्धास्त राहिलेल्या माणसाची मोटर दहा मिनिटांत भाजते. म्हणून सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर वेगळा लागतोच. फेज बत्त्यांना २ अँपिअरचे फ्यूज किंवा एमसीबी द्या. थेट बसबारवरून नुसती वायर दारापर्यंत नेणं म्हणजे बिजागरीत दबून शॉर्ट होण्याची वाट बघणं आहे.

दाराला भोकं

बत्त्यांची मध्यबिंदू ते मध्यबिंदू अंतरं आडवी ३० आणि उभी ४० मिलिमीटरपेक्षा कमी नकोत. नेमपट्टी लावायची तर उभं ५० घ्या. उंचीची चौकट आयईसी ६१४३९-१ मध्ये आहे. जमिनीपासून, म्हणजे पॅनेलच्या तळापासून, बघायची साधनं ०.२ ते २.२ मीटर, हाताने चालवायची २ मीटरपर्यंत आणि इमर्जन्सी ०.८ ते १.६ मीटरमध्ये. प्रत्यक्षात बत्त्या डोळ्यांच्या रेषेत ठेवा, दीड मीटरच्या आसपास.

होल सॉपेक्षा हायड्रॉलिक पंच वापरा. कडा साफ येते आणि पावडर कोटिंग उडत नाही. चालू प्लांटमध्ये जुन्या दाराला भोक पाडायचं असेल तर आतल्या सगळ्या सामानावर प्लास्टिक पसरा आणि दाराच्या मागे मास्किंग टेपची पिशवी करून लावा. लोखंडाचा एक बारीक चुरा कॉन्टॅक्टरमध्ये शिरला तर तो आठ दिवसांनी हिशेब मागतो. कापलेल्या कडेला प्रायमर लावा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात गंज गास्केटखाली शिरतो. रबरी रिंग दाराच्या बाहेरच्या बाजूला येते, आत नाही. हे सांगावं लागू नये, पण लागतं.

इमर्जन्सी बटनाचा कॉन्टॅक्ट ब्लॉक दाराच्या मागे नुसता अडकवलेला असतो. तो निसटून लोंबकळला तर मशरूम दाबूनही कॉन्टॅक्ट उघडत नाही आणि मशीन थांबत नाही. निसटला तर आपोआप सर्किट तोडणारे ब्लॉक मिळतात, तेच घ्या. हा कॉन्टॅक्ट एनसी असतो आणि तो कॉन्टॅक्टरचा सप्लाय थेट तोडतो. फक्त पीएलसीच्या इनपुटला देऊन मोकळं व्हायचं नाही.

वायरिंग

दारावर जाणाऱ्या वायरी लवचिक, बहुतारी, १ चौरस मिलिमीटरच्या. बिजागरीच्या बाजूने स्पायरलमध्ये गुंडाळून एक सैल वेटोळं सोडा आणि दोन्ही टोकांना क्लॅम्प. दार पूर्ण उघडून बघा, वायर ताणली गेली तर वेटोळं लहान आहे. दाराला पिवळ्या-हिरव्या अर्थिंगची स्वतंत्र वायर हवीच. बिजागरीतून अर्थ मिळतो हे रंग न लावलेल्या दारालाच खरं, आणि ते दार मी अजून पाहिलेलं नाही.

वायरीच्या दोन्ही टोकांना एकाच नंबरची फेरूल, म्हणजे नंबर छापलेली नळी, बत्तीच्या एक्स१ ला सिग्नल आणि एक्स२ ला कॉमन, सगळीकडे तसंच. एका स्क्रूखाली दोनपेक्षा जास्त लग नकोत. कॉमनची साखळी करताना ती दोन्ही टोकांनी टर्मिनलपर्यंत परत आणा, म्हणजे मधली एक वायर निसटली तरी पुढच्या सगळ्या बत्त्या आंधळ्या होत नाहीत. डीसी रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड लावा, साधा १एन४००७ पुरतो. तो नसेल तर कॉइल सुटताना येणारा झटका पीएलसीचं आउटपुट हळूहळू खातो.

बंद असूनही मिणमिणणारी बत्ती

रात्री फोन येतो, "मशीन बंद आहे, तरी बत्ती लागूनच आहे. करंट कुठून येते?" लोकांना भुताटकी वाटते. कारण साधं आहे. लांब मल्टिकोर केबलमध्ये शेजारच्या जिवंत वायरीतून बंद वायरीवर थोडा करंट शिरतो, दोन वायरी मिळून छोटा कपॅसिटर होतो म्हणून. १०० मीटर केबलमध्ये २३० व्होल्टला हा करंट साधारण अर्धा ते एक मिलिअँपिअर येतो. फिलामेंटच्या बल्बला त्याचं काहीच नव्हतं, एलईडीला तेवढ्यात जाग येते.

खात्री अशी करा. डिजिटल मीटर लावला तर बत्तीवर ७०-८० व्होल्ट दिसतात. आता तिथेच साधा फिलामेंटचा टेस्ट लॅम्प लावा. व्होल्टेज कोसळून जवळपास शून्य झालं तर ते खोटं, चढलेलं व्होल्टेज. कोसळलं नाही तर खरोखरच कुठेतरी सप्लाय येतोय, शोध घ्या.

उपाय तीन. एलव्हीजीपी, म्हणजे कमी व्होल्टेजला न लागणारी बत्ती घ्या, दुकानात याच नावाने मागा. ती मिळेपर्यंत बत्तीला समांतर ३३ किलोओहम, ५ वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर लावा. २३० ला तो दीड वॉटच्या थोडा वर तापतो, म्हणून वायरींपासून दूर ठेवा. तिसरा आणि माझा आवडता, लांबच्या सिग्नलला पॅनेलमध्ये रिले द्या आणि बत्ती त्या रिलेच्या कॉन्टॅक्टवर २४ व्होल्टने लावा. सॉलिड स्टेट रिले किंवा ट्रायॅक आउटपुटवरच्या बत्तीचाही हाच आजार, तिथे करंट आतल्या स्नबरमधून, म्हणजे झटका शोषणाऱ्या सर्किटमधून, गळतो.

नवतपा आणि कूलर

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की मेंटेनन्सवाले पॅनेलचं दार उघडं टाकतात आणि समोर कूलर लावतात. कूलरची हवा ओली असते, तिच्याबरोबर धूळही आत जाते. डाळ मिलमध्ये पिठासारखी भुकटी, जिनिंगमध्ये रुईचे धागे. दोन उन्हाळ्यांत कॉन्टॅक्ट काळे पडतात, टर्मिनलवर हिरवट बुरशी चढते. फिल्टरचा पंखा लावा, आत घेणारा खाली, बाहेर टाकणारी जाळी वर, थर्मोस्टॅट ४० वर. फिल्टर दर पंधरा दिवसांनी झटका. पावसाळ्यात मात्र स्पेस हीटर, म्हणजे ओल घालवणारा पॅनेलमधला हीटर, चालू राहू द्या.

उघड्यावरच्या पॅनेलला, विशेषतः पश्चिमेकडे तोंड असलेल्याला, दुपारी तीननंतर बत्ती दिसतच नाही. ऊन काचेवर पडतं आणि विझलेलीही पेटल्यासारखी भासते. वर पत्र्याची छपरी बसवा किंवा दार उत्तरेकडे वळवा. केबल खालून घ्या, ग्लँड घट्ट आवळा, रिकाम्या भोकांना प्लग मारा.

सुपूर्द करण्याआधी

चाचणी नुसती बत्त्या लावून होत नाही, प्रत्येक बिघाड खरोखर घडवून आणा. ओव्हरलोडचं टेस्ट बटन दाबा. सेन्सरची वायर टर्मिनलमधून उपटा. एका फेजचा फ्यूज काढा, अर्थात मोटर बंद असताना. प्रत्येक वेळी दारावर काय दिसलं ते कागदाच्या पहिल्या चार रकान्यांपुढे पाचव्यात लिहा. लॅम्प टेस्टचं बटन ठेवा आणि पाळी सुरू होताना ते दाबायची सवय ऑपरेटरला लावा. विझलेली बत्ती ठीक आहे म्हणून विझली की जळाली म्हणून, हे दुसरं कोण सांगणार? हूटरची चाचणी सगळी मशिनं चालू असताना घ्या. तुम्ही सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहा आणि दुसऱ्याला बटन दाबायला सांगा. ड्रॉइंगची एक प्रत दाराच्या आतल्या खिशात ठेवा. हातानं केलेले बदल लाल शाईनं त्याच प्रतीवर करा.

मग महिन्याभराने परत चक्कर मारा आणि हूटरच्या तोंडात डोकावून बघा. बारदान कोंबलेलं सापडलं तर लगेच ओरडू नका. ऑपरेटरला जवळ बसवून विचारा, "काहून कोंबलं रे बाप्पा, कोणत्या अलार्मसाठी?" बहुतेक वेळा तो एकाच सिग्नलचं नाव सांगतो, हॉपरची पातळी किंवा असंच काही, जे दर दोन मिनिटांनी क्षणभर येऊन जातं. त्या सिग्नलला पाच सेकंदांचा टायमर घाला, हूटरवरून काढून नुसत्या पिवळ्या बत्तीवर ठेवा, आणि मग त्याच्याच हाताने बारदान काढायला लावा.